कॅराव्हॅन घेऊन कोकणात येणाऱ्यांसाठी

गुहागरजवळच्या आमच्या घरासमोरच्या खळ्यात हिवाळ्याच्या दिवसांत कॅराव्हॅन मुक्कामाला येतात. आम्ही त्यांना उभे राहायला जागा, विहिरीचे पाणी आणि विजेची एक जोडणी देतो. याशिवाय दोन वेळा मी स्वतः अशी गाडी भाड्याने घेऊन घरच्यांसह रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत हिंडलो आहे, त्यामुळे भाडेकरूच्या आणि यजमानाच्या अशा दोन्ही बाजूंनी या प्रवासाच्या खोड्या मला ठाऊक झाल्या आहेत. पाहुण्यांच्या तक्रारी ऐकताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. बहुतेकांनी गाडी आतून पाहून ठरवलेली असते. पलंग केवढा, फ्रीज केवढा, स्वयंपाकाचा ओटा कसा, हे सगळे त्यांनी विचारलेले असते. पण ती गाडी रात्री उभी कुठे करायची, हा प्रश्न पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास, एखाद्या अरुंद आळीच्या तोंडाशी प्रथमच पडतो. म्हणून या लेखातला क्रम जाहिरातींच्या क्रमाच्या उलट आहे. येथे मुक्काम आधी येतो आणि गाडी नंतर.

पहिली पायरी : रात्रीची जागा

कोकणात कॅराव्हॅनसाठी खास बांधलेले तळ अजून फार थोडे आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आणि त्यात अशा गाड्यांबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार केला आहे; पण प्रत्यक्षात आपला मुक्काम बहुधा एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणात, रिसॉर्टच्या आवारात किंवा ओळखीच्या माणसाच्या बागेशेजारी होतो. अशा जागेच्या मालकाला फोन करताना ‘कॅराव्हॅन लावता येईल का’ एवढेच विचारू नये. त्याला बहुधा मोठी जीप डोळ्यांसमोर येते आणि तो मोकळ्या मनाने हो म्हणतो. गाडीची लांबी, रुंदी आणि छतावरच्या एसीसह असलेली उंची मीटरमध्ये किंवा फुटांत सांगावी आणि शेवटच्या दोन किलोमीटरांबद्दल खोदून विचारावे. वाटेत गावाची स्वागतकमान आहे का, साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, आहे का, असल्यास तो वाहनांचा आहे की पायी जाण्याचा, विजेच्या तारा किती खाली लोंबतात आणि आंब्या-फणसाच्या फांद्या रस्त्यावर आलेल्या आहेत का, हे सगळे त्यात आले. शक्य असल्यास त्या माणसाला वाटेचा एक व्हिडिओ काढून पाठवायला सांगावे. कोकणी माणूस तेवढे आनंदाने करतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘एसटी जाते ना तिथपर्यंत, मग आपली गाडी जाईलच,’ असा हिशेब पाहुणे नेहमी करतात. एसटी जाते हे खरे. पण ती चालवणाऱ्याला कोणत्या वळणावर कोणाचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पुढे आला आहे आणि समोरून वाहन आले तर मागे कुठवर जायचे, हे पाठ असते. आपल्याला ते पाठ नसते. जांभ्या दगडाचा गडगा गाडीच्या कडेला एकदा घासला, की पत्र्यावर निघणारा ओरखडा रंगाने झाकण्यासारखा राहत नाही.

जमीन कशी आहे, हेही विचारावे. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावरचा, कातळ सर्वांत भक्कम. तेथे चाक रुतत नाही आणि गाडी सपाट उभी राहते, मात्र सावली अजिबात नसते आणि मे किंवा ऑक्टोबर महिन्यात संध्याकाळी वीज-पाऊस सुरू झाला, तर उघड्या सड्यावरची ती एकटी उंच गाडी भीतीदायक वाटते. समुद्रालगतच्या आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, सावली भरपूर, पण जमीन भुसभुशीत आणि डोक्यावर नारळ. नारळाच्या झाडाखाली गाडी लावू नये, हा नियम आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतो. शहरातून आलेल्या माणसाला मात्र तीच जागा सर्वांत सुंदर दिसते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाने सांगूनही गाडी माडाखालीच ठेवली. पहाटे वाळलेली झावळी छतावर पडली आणि सौर पॅनेलची काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. नारळ पडला असता तर वायुवीजनाची खिडकीच आत आली असती.

दुसरी पायरी : कोणती गाडी, आणि चालवणार कोण

जागा कळली की गाडीचा आकार जवळपास ठरलेलाच असतो. मागे ओढून न्यायची कॅराव्हॅन कोकणच्या किनारी रस्त्यांवर नवख्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला उलटी घेण्याचे कसब वेगळे असते आणि किनाऱ्यालगतच्या गावांत दिवसातून दोनदा तरी गाडी उलटी घ्यावी लागते. मोठी, बसच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी महामार्गावर उत्तम चालते, पण गुहागर, आंजर्ले किंवा आचऱ्यासारख्या गावांत तिला मुख्य रस्ता सोडता येत नाही. चार माणसांच्या कुटुंबाला छोट्या व्हॅनवर बांधलेली किंवा पिकअपच्या सांगाड्यावरची गाडी पुरते. थोडी दाटी सोसावी लागते, पण दारापर्यंत पोचता येते.

जाहिरातीत ‘सहा जणांसाठी’ असे लिहिलेले असते तेव्हा सहा जण झोपू शकतात की सहा जण पट्टा लावून बसू शकतात, हे वेगळे विचारावे. नोंदणी प्रमाणपत्रात आसनसंख्या दिलेली असते आणि चालत्या गाडीत तेवढीच माणसे बसलेली असावीत. घाटात मागच्या पलंगावर मुले झोपवून नेणे हा या प्रवासातला सर्वांत सर्रास आणि सर्वांत घातक प्रकार आहे.

बऱ्याच गाड्या चालकासह मिळतात. घाट आणि अरुंद रस्ते पाहता पहिल्या खेपेस चालक घ्यावा, असे मी सुचवीन; परंतु त्याच्या झोपेची व्यवस्था आधी करावी. दिवसभर गाडी हाकणाऱ्या माणसाने रात्री पुढच्या आसनावर डास मारत बसायचे आणि सकाळी पुन्हा चाकावर बसायचे, हे माणुसकीला धरून नाही आणि आपल्या जिवालाही धोक्याचे आहे. त्याची खोली, जेवण आणि भत्ता कोण देणार, त्याचे दिवसाचे तास किती, रात्री गाडी चालवली तर वेगळा आकार पडतो का, हे सगळे करारातच लिहून घ्यावे. यजमानाकडे चालकासाठी एक खोली किंवा निदान पंख्याची पडवी आरक्षित करावी.

स्वतः चालवायची असेल तर गाडीचे एकूण वजन पाहावे. ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलके मोटार वाहन समजले जाते आणि त्या वर्गाचा परवाना असलेल्याला त्या वजनापर्यंतचे परिवहन वाहनही चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याहून जड गाडी असेल तर आपला नेहमीचा मोटारीचा परवाना पुरत नाही.

तिसरी पायरी : पाटी आणि कागदपत्रे

गाडीचा फोटो मागवताना पुढची नंबरपाटी दिसेल असा मागवावा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर ते वाहन भाडेकरूने स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याच्या परवान्याचे आहे. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर ते चालकासह भाड्याने देण्याचे व्यावसायिक वाहन आहे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर ते खासगी वाहन आहे आणि ते भाड्याने देणे कायद्यात बसत नाही. ‘कोणी विचारले तर मित्राची गाडी आहे म्हणून सांगा,’ असे मालक म्हणाला की तेथेच व्यवहार थांबवावा. अपघात झाला तर विमा कंपनी नेमका हाच मुद्दा काढून दावा नाकारू शकते आणि तेव्हा तो मित्र फोन उचलत नाही.

दुसरा मुद्दा गाडीत केलेल्या बदलांचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही. त्याला नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. जुन्या मालवाहू व्हॅनमध्ये सुताराकडून पलंग आणि ओटा बसवून घेतलेल्या काही गाड्या बाजारात फिरतात. त्या दिसायला गोजिऱ्या असतात, परंतु नोंदणीत त्या मालवाहूच असतात. म्हणून नोंदणी प्रमाणपत्रातला वाहनाचा प्रकार वाचावा. त्याबरोबर विमा, पीयूसी, योग्यता प्रमाणपत्र आणि परमिट यांच्या तारखा परतीच्या दिवसापुढे जातात का, ते पाहावे. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता तपासणी करून घ्यावी लागते. गाडीचा क्रमांक एमपरिवहन ॲपवर टाकला, की यातले बरेचसे घरबसल्या दिसते.

बेत गोव्यापर्यंतचा असेल तर परमिट तेथे चालते का, हे मालकाकडून लेखी घ्यावे. परतताना गोव्यातून विनापरवाना दारू आणू नये. बांद्याजवळ इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे आणि दारू सापडली तर वाहनही जप्त होऊ शकते. जप्त झालेले वाहन भाड्याचे असेल तर पुढे मालकाशी काय बोलणे होते, याची कल्पना वाचकाने करावी.

चौथी पायरी : करार आणि पैसे

माझ्या पहिल्या सहलीत मी करारावर सही केली ती गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, उभ्या उभ्या. त्यात ‘वाहनाच्या खालच्या भागाचे आणि छताचे नुकसान भाडेकरूकडे’ असे एक वाक्य होते. ते वाक्य मला सहाव्या दिवशी महागात पडले. ती कथा पुढे फेरीबोटीच्या ठिकाणी येईल. करार निदान दोन दिवस आधी मागवून घरी बसून वाचावा. विम्यात भाडेकरूच्या खिशातून जाणारी रक्कम किती, झिरो डेप (सुट्या भागांची घट न कापता भरपाई देणारा विमा) आहे का, काच, टायर, छत आणि खालचा भाग त्यात धरले आहेत का, हे विचारावे. आतले सामान, म्हणजे फ्रीज, इन्व्हर्टर, सौर पॅनेल, बाहेर ओढायचा कापडी मांडव, यांचा विमा वाहनाच्या विम्यात आपोआप येतो, असे गृहीत धरू नये.

किलोमीटरची मर्यादा पाहताना नवखे लोक फसतात ते उलट्या बाजूने. दिवसाला २५० किलोमीटर मिळतात म्हणून ते रोज तेवढे अंतर आखतात. किनाऱ्याच्या रस्त्याने तासाला सरासरी तीस किलोमीटर झाले तरी समाधान मानावे; शंभर-सव्वाशे किलोमीटरांत दिवस संपतो. त्यापेक्षा जनरेटरचे तास, साफसफाईचा आकार, फास्टॅगचे पैसे कोण भरणार, उशिरा गाडी परत केल्यास तासाचा दर काय आणि गाडी वाटेत बंद पडली तर ओढून नेण्याचा खर्च व पुढच्या मुक्कामाचा खर्च कोणाकडे, या गोष्टी खिशाला जास्त लागतात.

साफसफाईच्या आकारावरून आठवले. गाडीच्या आत बांगडे तळू नयेत. वास गादीत आणि पडद्यात बसतो, तो चार दिवस जात नाही, आणि मालक अनामतीतून पैसे कापतो तेव्हा त्याला दोष देता येत नाही. मासळी यजमानाच्या चुलीवर किंवा बाहेर ठेवलेल्या शेगडीवर करावी.

आगाऊ रक्कम फर्मच्या नावाच्या खात्यावरच द्यावी आणि पावती घ्यावी. गाडी न पाहता, केवळ फोटोवरून, एखाद्या व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर पूर्ण भाडे पाठवू नये. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीत पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक असते. अनामत किती दिवसांत आणि कोणत्या मार्गाने परत मिळणार, ती तारीख करारात हवी.

पाचवी पायरी : गाडी ताब्यात घेताना

याला दोन तास द्यावेत आणि ते दिवसाउजेडी द्यावेत. बाहेरून चारही बाजू, छत आणि वाकून खालचा भाग यांचा सलग व्हिडिओ काढावा, त्यात किलोमीटरचा आकडा आणि डिझेलचा काटा दाखवावा आणि तो तेथेच मालकाला पाठवून द्यावा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘१४२२’ म्हणजे २०२२ सालचा चौदावा आठवडा. या गाड्या वर्षातले बरेच दिवस नुसत्या उभ्या असतात, त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. सहा वर्षांपुढचे टायर घाटात नेऊ नयेत. सुटे चाक, जॅक आणि पाना प्रत्यक्ष बाहेर काढून पाहावा, कारण खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचा जॅक गंजून अडकलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. गाडी नवी डिझेलची असेल तर तिला ॲडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारे द्रव) लागते का आणि टाकीत ते किती आहे, हेही विचारून घ्यावे.

आतली प्रत्येक वस्तू मालकाच्या देखत चालवून पाहावी. पाण्याचा पंप सुरू करून नळ सोडावा आणि ओट्याखाली हात फिरवून ओल लागते का, ते पाहावे. फ्रीज थंड होतो का, हे कळायला तास लागतो, म्हणून तो सर्वांत आधी चालू करावा. छतावरचा मांडव एकदा उघडून मिटवून पाहावा. समुद्रावरचा वारा अचानक उठला की तो मिटायला दोन मिनिटेही मिळत नाहीत.

सहावी पायरी : वीज, हवा आणि गॅस

सर्वांत जास्त निराशा येथे होते. ‘एसी आहे’ म्हणजे रात्रभर एसी चालेल, असा अर्थ पाहुणे घेतात. साधा हिशेब करावा. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास वीज साठवते. ती जुन्या पद्धतीची, आम्लाची असेल तर निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिच्या आयुष्याला परवडत नाही. म्हणजे हाती उरले ९०० वॅट-तास. एक टनाचा एसी साधारण १,००० वॅट घेतो. तासभर पुरत नाही. लिथियमची बॅटरी असेल तर थोडे अधिक मिळते, पण रात्र निघत नाही. याउलट कमी विजेवर चालणारा तीस वॅटचा पंखा आठ तासांत २४० वॅट-तास खातो, म्हणजे तो आरामात चालतो. म्हणून कोकणात एसी हवा असेल तर बाहेरून वीज जोडायची सोय असलेली जागाच घ्यावी, नाहीतर डिसेंबर-जानेवारीत यावे, खिडक्यांना बारीक जाळी आहे ना ते पाहावे आणि पंख्यावर झोपावे.

बाहेरची वीज घेताना यजमानाकडे १६ अँपिअरचे सॉकेट आहे का, हे विचारावे. पडवीतल्या दिव्याच्या बटणाशेजारच्या छोट्या पिनेवर एसी चालवू नये. जोडणीची वायर निदान अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची असावी आणि ती पूर्ण उलगडून ठेवावी, कारण गुंडाळलेली वायर तापून वितळते. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून गाडीत गळती होताच वीज तोडणारे उपकरण आहे का, ते पाहावे आणि त्याचे चाचणीचे बटण दाबून खात्री करून घ्यावी. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे गावोगावी वीज जाते, तेव्हा पुन्हा बॅटरीवरच येणे असते.

जनरेटरबद्दल मात्र कोणतीही सवलत देऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने त्यांचा मृत्यू झाला होता. या वायूला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. जनरेटर चालू ठेवून गाडीत झोपू नये. त्या वायूचा इशारा देणारे छोटे यंत्र मिळते. मालकाने बसवलेले नसेल तर स्वतः विकत घेऊन पलंगाजवळ ठेवावे. बंद खिडक्यांत शेगडी पेटवणेही त्याच कारणासाठी टाळावे. गॅसचा सिलिंडर घरगुती वापराचा, १४.२ किलोचा असेल तर तो व्यावसायिक गाडीत ठेवण्यास परवानगी नाही. जो सिलिंडर असेल तो उभा आणि बांधलेला असावा आणि गाडी चालू असताना त्याची कळ बंद असावी.

सातवी पायरी : घाट, फेरी आणि पुळण

घाट निवडताना अंतर पाहू नये. पुण्याहून ताम्हिणी जवळची वाटते, महाबळेश्वरहून आंबेनळी देखणी आहे आणि भोरहून वरंधा निसर्गरम्य आहे, पण लांब आणि उंच गाडी घेऊन पहिल्यांदा येणाऱ्याने कराड-चिपळूणचा कुंभार्ली किंवा कोल्हापूर-रत्नागिरीचा आंबा घाट घ्यावा. तेथे जड वाहनांची नेहमीची वर्दळ असते आणि वळणे त्या मानाने मोकळी आहेत. मुंबईहून येणाऱ्यांना राष्ट्रीय महामार्ग ६६ वर कशेडीचा बोगदा झाल्याने जुन्या घाटातली वळणे टाळता येतात. उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. सतत ब्रेक दाबून उतरले तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दाद देत नाहीत. पाण्याची टाकी भरलेली असेल तर शंभर लिटर म्हणजे शंभर किलो जास्तीचे वजन मागून ढकलत असते, हेही ध्यानात असावे. अरुंद जागी समोरासमोर आल्यास चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून जून ते सप्टेंबर या प्रवासाचा विचारच करू नये. गणपतीत आणि शिमग्याला सगळा चाकरमानी गावाकडे निघालेला असतो. त्या आठवड्यात अशी गाडी महामार्गावर आणणे म्हणजे स्वतःही अडकणे आणि दुसऱ्यांनाही अडकवणे होय.

किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना खाड्या आडव्या येतात. दिघी-आगरदांडा, वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ येथे वाहने नेणाऱ्या फेरीबोटी आहेत आणि त्यांच्यामुळे मोठे वळसे वाचतात. दाभोळहून गुहागरला यायचे तर एरवी चिपळूणपर्यंत आत जावे लागते. गाडी फेरीवर चढवण्याआधी तिथल्या माणसाला लांबी आणि वजन सांगून ठेवावे आणि शक्यतो भरतीच्या सुमारास चढावे. ओहोटीला धक्क्याचा खालचा, शेवाळलेला उतार उघडा पडतो आणि बोटीची लोखंडी फळी व धक्का यांच्यात वाईट कोन होतो.

माझ्या बाबतीत नेमके तेच झाले. धोपाव्याला उतरताना पुढची चाके धक्क्यावर चढली, मागचा लांब भाग खाली बसला आणि फळीवर घासत गेला. करकर आवाज झाला आणि मागे साबणाच्या पाण्याचा ओघळ दिसू लागला; सांडपाण्याच्या टाकीची तोटीच तुटली होती. फेरीवरचा एक म्हातारा खलाशी शांतपणे म्हणाला, ‘साहेब, मघाशीच सांगणार होतो, चाकाखाली लाकडं टाकूया. तुम्ही काच वर करून बसला होतात.’ तेव्हापासून मी फेरीवर चढता-उतरताना काच खाली ठेवतो, घरच्यांना उतरवून चालत पुढे पाठवतो आणि खलाशी सांगेल तसे, तिरके आणि अगदी सावकाश चाक चालवतो.

भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत येथे उपयोगी पडते. पंचांगातली तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि दिवसातून दोनदा. मुंबईच्या बाजूला हा हिशेब बराच जुळतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे भरती त्याच्या थोडी आधी येते. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पुनव-अवसेला उधाण असते, पाणी नेहमीच्या रेषेच्या बरेच वर येते.

पुळणीत गाडी घालू नये. ओहोटीला वाळू घट्ट दिसते, चाकाखाली पहिले वीस-पंचवीस फूट ती घट्ट असतेही, मग एका जागी चाक फिरते आणि गाडी आसापर्यंत रुतते. तीन टनांची गाडी चार माणसांना ढकलून निघत नाही, ट्रॅक्टर यायला तास जातो आणि भरती वाट पाहत नाही. अनेक किनाऱ्यांवर वाहनांना मनाईही आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. वाळूतले चाकांचे चर आणि रात्रीचे प्रखर दिवे पिल्लांची समुद्राकडची वाट चुकवतात. सुरूच्या बनामागे, पक्क्या जमिनीवर गाडी ठेवून समुद्रावर चालत जावे.

नकाशाचे ॲप आधीच उतरवून ठेवावे, कारण किनाऱ्याच्या बऱ्याच भागात रेंज जाते. मात्र त्यातली बारीक रेषा पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, असू शकते, आणि पाखाडीला पुढे पायऱ्या असतात. रस्ता माणसाला विचारावा. अडचण आल्यास राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक चालतात.

आठवी पायरी : पाणी, मैला आणि परती

चार माणसे शहरातल्यासारखी अंघोळ करू लागली तर शंभर लिटरची टाकी एका सकाळीत संपते. अंघोळ यजमानाच्या न्हाणीघरात करावी आणि गाडीतले पाणी भांडी व हात धुण्यापुरते ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात, तेव्हा पाणी मागताना संकोच वाटला पाहिजे आणि मिळाले तर त्याचे पैसे दिले पाहिजेत.

संडासाची सुटी टाकी बहुधा पंधरा-वीस लिटरची असते आणि कुटुंबाला दोन दिवसही पुरत नाही. ती कुठे रिकामी करायची, हे मुक्काम ठरवतानाच विचारावे. पऱ्ह्यात (ओढ्यात), शेतात किंवा खाडीत ती ओतणे हा गुन्हाच समजावा. त्याच पऱ्ह्याच्या खालच्या अंगाला कोणाची तरी विहीर असते. यजमानाच्या सेप्टिक टँकमध्ये ओतायची असेल तर टाकीत घातलेले रसायन सांगावे, कारण तीव्र जंतुनाशकाने सेप्टिक टँकमधले कुजवण्याचे काम थांबते. आम्ही आमच्याकडे येणाऱ्यांना रसायनाऐवजी नुसते पाणी घालायला सांगतो आणि रोज सकाळी टाकी रिकामी करून घेतो. वास येत नाही.

परतीच्या आदल्या दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्यावी, विशेषतः फेरीने आला असाल तर, कारण मीठ राहिले की गंज धरतो आणि तो पुढच्या भाडेकरूच्या वाट्याला येतो. दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, डिझेल ठरलेल्या रेषेपर्यंत भरावे आणि निघताना काढला तसाच, त्याच क्रमाने व्हिडिओ परत काढावा. गाडी रात्री अंधारात परत करू नये. मालकाने प्रत्यक्ष पाहून ‘नुकसान नाही’ किंवा ‘एवढे नुकसान, एवढी रक्कम’ असे लिहून सही केल्याशिवाय किल्ली देऊ नये. माझ्या तोटीचे पैसे कापले गेले ते योग्यच होते. पण त्याच यादीत छतावरचा एक जुना पोचाही आला होता, आणि तो पहिल्या दिवशीच्या व्हिडिओत स्पष्ट दिसत असल्यामुळे मालकाने माझ्यासमोरच खोडून टाकला.